आविष्कार (नाट्यसंस्था)

आविष्कार ही मुंबई येथील मराठी प्रायोगिक नाट्यसंस्था आहे. नट व दिग्दर्शक अरविंद देशपांडे, अभिनेत्री सुलभा देशपांडे आणि रंगकर्मी-संघटक अरुण काकडे यांनी १९७१ मध्ये तिची स्थापना केली. नाटककार विजय तेंडुलकर यांचे संस्थेशी आरंभापासून निकटचे संबंध होते. दादर येथील छबिलदास शाळेच्या सभागृहात संस्थेने १९७४ पासून सुरू केलेल्या उपक्रमास पुढे 'छबिलदास चळवळ' हे नाव मिळाले. 'चंद्रशाला' ही संस्थेची बालरंगभूमी शाखा आहे.

आविष्कारचे नाव बहुधा तिने केलेल्या नाटकांच्या यादीपेक्षा तिने इतरांना मिळवून दिलेल्या जागेमुळे घेतले जाते. संस्थेकडे स्वतःच्या मालकीचे नाट्यगृह नव्हते. तिचे कार्य आधी एका खासगी शाळेच्या आणि नंतर महानगरपालिकेच्या एका शाळेच्या वास्तूत चालले. त्यामुळे संस्थेचा इतिहास हा बऱ्याच अंशी मुंबईत प्रायोगिक नाटकाला जागा कशी मिळाली, किती काळ टिकली आणि कशी गेली याचा इतिहास आहे.

== पार्श्वभूमी ==

१९६० मध्ये विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू आदींनी मुंबईत 'रंगायन' ही संस्था स्थापन केली. मराठी व्यावसायिक रंगभूमी त्या काळात जोमात होती. तिचे गणित मात्र ठरलेले होते. मोठे नाट्यगृह, शनिवार-रविवारच्या तारखा, नामवंत नट आणि शंभराच्या पुढे जाणारे प्रयोग यांवाचून निर्मात्याचा खर्च निघत नसे. दुसऱ्या बाजूला हौशी रंगभूमी राज्य नाट्यस्पर्धेवर अवलंबून होती. तेथे अनेक महिन्यांच्या तालमीनंतर नाटकाचा एखाद-दुसरा प्रयोग होई आणि निकालासोबत नाटकही संपे. या दोन्हींच्या मधली वाट रंगायनने शोधली. सभासदांच्या वर्गणीवर आधारलेले मोजके प्रयोग, नवे नाटककार आणि पाश्चात्त्य नाटकांची भाषांतरे असे तिचे स्वरूप होते. यूजीन आयनेस्कोचे 'खुर्च्या' आणि चिं. त्र्यं. खानोलकरांचे 'एक शून्य बाजीराव' ही रंगायनची गाजलेली नाटके होत.

वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेची वास्तू या मंडळींना उपलब्ध होती. इब्राहिम अल्काझींसारखे रंगकर्मी, चित्रकार आणि संगीतकार तेथे एकाच आवारात काम करीत. ही जागा गेल्यानंतर दक्षिण मुंबईत प्रायोगिक नाटकाला परवडेल असे ठिकाण जवळजवळ उरले नाही. पुढे दादरला जे घडले त्यामागे ही उणीव होती.

=== शांतता! कोर्ट चालू आहे ===

आविष्कारच्या संस्थापकांची ओळख ज्या नाटकाने पक्की झाली ते नाटक आविष्कारचे नव्हे, रंगायनचे होते. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' डिसेंबर १९६७ मध्ये राज्य नाट्यस्पर्धेच्या निमित्ताने रंगमंचावर आले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती.

नाटकाचे बीज मुंबईच्या उपनगरात सापडते. विलेपार्ले येथे अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेल्या एका हौशी मंडळाचे आपसांतील बोलणे तेंडुलकरांच्या कानावर पडले आणि त्यातून त्यांना हा विषय सुचला. नाटकातही मुंबईतील एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाच्या प्रयोगासाठी बाहेरगावी आलेली असते. वेळ घालवण्यासाठी ती एक लुटुपुटूचा खटला उभा करते. आरोपी म्हणून मंडळातील शिक्षिका लीला बेणारे हिला उभे केले जाते आणि खेळ हळूहळू खऱ्या चौकशीचे रूप घेतो. शेवटी बेणारे दीर्घ स्वगत बोलते. न्यायालयातील इतर सर्व त्या वेळी स्तब्ध असतात. हे स्वगत मूळ आराखड्यात नव्हते, दिग्दर्शकाच्या आग्रहामुळे ते तालमींच्या काळात लिहिले गेले, असे सांगितले जाते. आज हे नाटक मुख्यतः या स्वगतासाठी आठवले जाते. सुलभा देशपांडे त्या काळात स्वतः शाळेत शिक्षिका होत्या, ही बाबही येथे नोंदवण्याजोगी आहे.

या नाटकाची अनेक भारतीय भाषांत भाषांतरे झाली. दिल्लीत ओम शिवपुरी यांनी त्याचा हिंदी प्रयोग 'खामोश! अदालत जारी है' या नावाने केला. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर मराठी चित्रपट दिग्दर्शित केला. पटकथा तेंडुलकरांची आणि छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे होते. सुलभा व अरविंद देशपांडे यांच्यासह अमोल पालेकर व अमरीश पुरी यांनी त्यात भूमिका केल्या. पालेकर यांचा हा पहिला चित्रपट होय.

== स्थापना ==

१९७० च्या सुमारास रंगायनमध्ये मतभेद वाढले. देशपांडे दांपत्य व काकडे बाहेर पडले आणि १९७१ मध्ये त्यांनी आविष्कारची स्थापना केली. मराठी प्रायोगिक रंगभूमीवर अशी फाटाफूट नवी नव्हती. पुण्यात 'घाशीराम कोतवाल'वरून प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये वाद झाला आणि १९७३ मध्ये त्यातून थिएटर अकॅडमी उभी राहिली. दोन्ही ठिकाणी जुन्या संस्थेतून बाहेर पडलेल्यांनी आपल्याबरोबर नाटककार, नट आणि तालमीची शिस्त नेली. नाट्यगृह मात्र कोणालाच नेता येण्यासारखे नव्हते.

संस्थेचे पहिले महत्त्वाचे नाटक गिरीश कर्नाड यांचे 'तुघलक' हे होते. मराठी भाषांतर तेंडुलकरांचे, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि प्रमुख भूमिका अरुण सरनाईक यांनी केली. मराठी चित्रपटात नायक म्हणून लोकप्रिय असलेल्या नटाला एका हेकेखोर, बुद्धिमान आणि एकाकी सुलतानाच्या भूमिकेसाठी निवडणे हा धाडसी निर्णय होता. मोठा पात्रसंच, दरबार आणि ऐतिहासिक वेषभूषा यांमुळे हे नाटक खर्चीक स्वरूपाचे आहे. पुढे रिकाम्या सभागृहातील काटकसरीच्या नाटकांशी ज्या संस्थेचे नाव जोडले गेले, तिचा आरंभ असा भव्य मांडणीच्या नाटकाने झाला.

== संस्थापक ==

=== अरविंद देशपांडे ===

अरविंद देशपांडे (१९३२–१९८७) हे नट आणि दिग्दर्शक होते. 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'तुघलक' आणि 'पाहिजे जातीचे' ही त्यांनी दिग्दर्शित केलेली महत्त्वाची नाटके. संहितेला चिकटून राहणे आणि नटाकडून बोलण्याची नेमकी लय काढून घेणे ही त्यांच्या कामाची वैशिष्ट्ये मानली जातात. 'शांतता'सारख्या नाटकात पात्रांची सहज वाटणारी बडबडच हळूहळू शस्त्र बनते. तेथे या लयीला विशेष महत्त्व आहे. समांतर हिंदी चित्रपटांतही त्यांनी छोट्या पण लक्षात राहणाऱ्या भूमिका केल्या. सईद मिर्झा यांच्या 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' (१९८०) या चित्रपटात ते व सुलभा देशपांडे नायकाच्या आई-वडिलांच्या भूमिकेत होते. जानेवारी १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी छबिलदासमधील उपक्रम चालू होता.

=== सुलभा देशपांडे ===

सुलभा देशपांडे (१९३७–२०१६), माहेरच्या कामेरकर, यांचे नाव लीला बेणारेच्या भूमिकेशी कायमचे जोडले गेले. छबिलदास शाळेत त्या अध्यापन करीत असत. शाळेचे सभागृह नाटकाला मिळण्यात या नात्याचा मोठा वाटा होता. श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७), जब्बार पटेल यांचा 'जैत रे जैत' (१९७७), 'चौकट राजा' (१९९१) आणि 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) हे त्यांचे काही चित्रपट. १९८७ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षाच्या आरंभी अरविंद देशपांडे यांचे निधन झाले होते. त्यानंतरही त्यांनी संस्थेचे काम सोडले नाही. ४ जून २०१६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

व्यावसायिक रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत त्यांनी काम केले, तरी त्यांची रंगभूमीवरील ओळख प्रायोगिक नाटकाचीच राहिली. आईच्या आणि आजीच्या भूमिकांमधून त्यांना ओळखणाऱ्या चित्रपटरसिकांना लीला बेणारेची कल्पना येणे कठीण आहे. दुबे यांचा चित्रपट हा त्या भूमिकेचा उपलब्ध दृश्य पुरावा होय. मात्र तो कॅमेऱ्यासाठी केलेला अभिनय आहे, रंगमंचावरील प्रयोगाची नोंद नव्हे.

=== अरुण काकडे ===

अरुण काकडे यांना रंगवर्तुळात 'काकडेकाका' म्हणून ओळखले जाई. नट व दिग्दर्शकांची नावे इतिहासात राहतात, व्यवस्था पाहणाऱ्यांची क्वचितच राहतात. काकडे हे त्याला अपवाद ठरले. तारखा घेणे, परवानग्या काढणे, तालमीची जागा पाहणे, खर्चाची तोंडमिळवणी करणे आणि नव्या मुलांना प्रयोगासाठी दिवस देणे ही कामे त्यांनी चार दशकांहून अधिक काळ केली. अरविंद देशपांडे यांच्यानंतर संस्था टिकली याचे श्रेय प्रामुख्याने सुलभा देशपांडे आणि काकडे यांना दिले जाते. ऑक्टोबर २०१९ मध्ये काकडे यांचे निधन झाले.

== छबिलदास चळवळ ==

छबिलदास शाळा दादर पश्चिमेस, रेल्वे स्थानकापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे. १९७४ मध्ये आविष्कारने शाळेचे सभागृह घेऊन तेथे स्वतःचे आणि इतर संस्थांचे प्रयोग नियमितपणे सुरू केले. दिवसा शाळा आणि शाळा सुटल्यावर नाटक, असे वास्तूचे वेळापत्रक होते.

सभागृह नाट्यगृह म्हणून बांधलेले नव्हते, आणि हीच गोष्ट उपयोगी ठरली. नेहमीच्या कमानी रंगमंचावर पडदा, विंगा आणि वरच्या दांड्यांवर टांगलेले पडदे या सर्वांचा विचार नेपथ्यात करावा लागतो. प्रेक्षक ठरावीक अंतरावर, एकाच दिशेला तोंड करून बसतो. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी नटाला आवाज आणि हावभाव दोन्ही मोठे करावे लागतात. शाळेच्या सभागृहात यांतले काहीच नव्हते. खुर्च्या हलवता येत, त्यामुळे प्रेक्षकांना दोन बाजूंना, तीन बाजूंना किंवा नटांच्या भोवती बसवता येई. ध्वनिक्षेपकाची गरज भासत नसे. डोळ्याची हालचालही शेवटच्या माणसाला दिसे, आणि त्यामुळे खोटा अभिनय लपवणे कठीण होई. दोन खुर्च्या, एक टेबल आणि हाताशी असलेले थोडे दिवे एवढ्यावर प्रयोग होऊ शके.

अर्थकारणही बदलले. मोठ्या नाट्यगृहात दोन-तीनशे प्रेक्षक म्हणजे रिकामे घर आणि निर्मात्याला तोटा. तेवढेच प्रेक्षक छबिलदासमध्ये गर्दी वाटत. एखादे नाटक वीस प्रयोगांनंतर थांबले तरी ते अपयश मानण्याचे कारण उरत नव्हते. नाटककाराला अपुरे, विचित्र किंवा कोणालाच न आवडणारे लिहिण्याची मुभा मिळाली, आणि त्यातील काही लेखन पुढे मराठी नाटकाच्या मध्यवर्ती प्रवाहात आले.

साधारण याच सुमारास कोलकात्यात बादल सरकार यांनी रंगमंच सोडून खोलीत आणि अंगणात नाटक करायला सुरुवात केली होती. त्यांच्या 'तिसऱ्या रंगभूमी'मागे स्पष्ट राजकीय-सौंदर्यशास्त्रीय भूमिका होती. छबिलदासमागे तशी जाहीरनाम्यासारखी भूमिका दिसत नाही. तेथे आधी जागा मिळाली आणि त्या जागेने नाटकांना आकार दिला. तरीही दोन्ही प्रवाह दादरला एकत्र आले. सरकारांच्या 'जुलूस'चा मराठी प्रयोग अमोल पालेकर यांनी छबिलदासमध्ये केला. नट प्रेक्षकांमधून फिरत असलेले हे नाटक त्या सभागृहातील सर्वाधिक आठवल्या जाणाऱ्या प्रयोगांपैकी आहे. पालेकर यांनीच सदानंद रेगे यांचे 'गोची' हे नाटकही सादर केले.

आविष्कारचा सर्वांत मोठा निर्णय हा होता की सभागृह केवळ स्वतःच्या नाटकांसाठी राखून ठेवायचे नाही. मुंबईतील व बाहेरगावच्या इतर संस्थांना, नुकत्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या गटांना आणि एकांकिका करणाऱ्यांना तेथे तारखा मिळत. प्रतिस्पर्धी संस्थांची नाटके एकाच आठवड्यात, एकाच खोलीत होत आणि एकमेकांचे प्रयोग पाहायला नट येत. छबिलदासला 'चळवळ' का म्हणायचे यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, कारण तिला सभासदनोंदणी, घोषणा किंवा एकच शैली नव्हती. चळवळ हा शब्द येथे कदाचित या देवाणघेवाणीसाठीच वापरला जातो.

प्रयोगानंतर चर्चा गल्लीत चाले. छबिलदासची गल्ली बटाटेवड्यासाठीही प्रसिद्ध आहे आणि त्या काळाच्या आठवणींत वडा व नाटक यांचा उल्लेख सहसा जोडीनेच येतो.

=== प्रमुख निर्मिती ===

छबिलदास काळातील आविष्कारच्या निर्मितींत तेंडुलकरांच्या 'पाहिजे जातीचे'चे (१९७६) स्थान महत्त्वाचे आहे. खेड्यातून आलेला, एम.ए. झालेला तरुण प्राध्यापकाची नोकरी मिळवू पाहतो आणि शिक्षणसंस्थेतील जात, नातीगोती व गटबाजी यांच्याशी त्याची गाठ पडते, असे त्याचे कथानक आहे. विनोदी अंगाने जाणाऱ्या या नाटकाचे दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांनी केले. विहंग नायक, सुषमा तेंडुलकर आणि त्या वेळी फारसे परिचित नसलेले नाना पाटेकर यांच्या त्यात भूमिका होत्या.

राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेले जयदेव हट्टंगडी यांनी आविष्कारसाठी 'चांगुणा' दिग्दर्शित केले. फेदेरीको गार्सिया लोर्का यांच्या 'येर्मा' या स्पॅनिश नाटकाचे हे मराठी रूप. अपत्यासाठी झुरणाऱ्या स्त्रीची मध्यवर्ती भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. मराठी ग्रामीण वातावरणात रुजवलेले हे नाटक पाहून अनेकांना मूळ परकीय असल्याचे जाणवत नसे.

सत्यदेव दुबे यांचाही आविष्कारशी दीर्घकाळ संबंध राहिला. हिंदी आणि मराठी या दोन रंगभूमींमध्ये सहज ये-जा करणारा हा दिग्दर्शक नवनव्या नटांना संस्थेपर्यंत आणीत असे.

=== छबिलदासची अखेर ===

शाळेतील प्रयोग सुमारे अठरा वर्षे चालले आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी थांबले. तोपर्यंत तेथून पुढे आलेले अनेक नट व दिग्दर्शक व्यावसायिक नाटकांत, चित्रपटांत आणि दूरचित्रवाणी मालिकांत स्थिरावले होते. चळवळ ओसरण्याचे कारण म्हणून दूरचित्रवाणीकडे नेहमी बोट दाखवले जाते. ते अंशतः खरे आहे. संध्याकाळी मोकळा असलेला नट चित्रीकरणात अडकू लागला आणि तालमींना पूर्ण संच मिळणे अवघड झाले. परंतु जागा गेल्याचा परिणाम त्याहून सरळ होता. नियमित तारीख आणि ठरलेला पत्ता नाहीसा झाला की काही न ठरवता, आज काय आहे ते पाहू म्हणून येणारा प्रेक्षकही नाहीसा होतो.

== चंद्रशाला ==

चंद्रशाला ही आविष्कारची बालरंगभूमी शाखा सुलभा देशपांडे यांच्या पुढाकाराने सुरू झाली. मुंबईत मराठी बालनाट्याची परंपरा त्याआधीच उभी होती. सुधा करमरकर यांच्या लिटल थिएटरने १९५९ मध्ये रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' सादर केले होते आणि पुढे मतकरींनी स्वतःची बालनाट्य संस्था काढली. चंद्रशालेने त्यात नृत्य आणि दीर्घ प्रशिक्षणाची भर घातली.

'दुर्गा झाली गौरी' (१९८२) हे नृत्यनाट्य ही तिची सर्वांत प्रसिद्ध निर्मिती. लेखन माधव साखरदांडे यांचे आणि नृत्यरचना गुरू पार्वतीकुमार यांची. भरतनाट्यमचे गुरू असलेल्या पार्वतीकुमारांनी लहान मुलांच्या मोठ्या समूहासाठी ही रचना केली. बालकलाकार मोठे होतात, त्यामुळे काही वर्षांनी संपूर्ण संच बदलावा लागतो. हे नाटक अशा अनेक संचांनी, अनेक वर्षे केले. आधीच्या संचातील मुले पुढच्यांना शिकवायला येत, हा चंद्रशालेचा रिवाज होता.

सुलभा देशपांडे यांनी 'राजा रानी को चाहिये पसीना' (१९७८) हा हिंदी बालचित्रपटही दिग्दर्शित केला. तो तेंडुलकरांच्या 'राजाराणीला घाम हवा' या बालनाट्यावर आधारित आहे. 'गिधाडे' आणि 'सखाराम बाइंडर' लिहिणाऱ्या तेंडुलकरांनी मुलांसाठीही सातत्याने लिहिले, ही गोष्ट त्यांच्यावरील लेखनात अनेकदा सुटते.

== माहीम काळ ==

छबिलदासनंतर आविष्कारने मुंबई महानगरपालिकेच्या माहीम येथील एका शाळेत आपले केंद्र हलवले. तालमी, कार्यशाळा आणि छोटे प्रयोग तेथे होऊ लागले. स्थानकाला लागून असलेल्या छबिलदाससारखी वर्दळ तेथे नव्हती. मात्र तालमीसाठी हक्काची जागा मिळाल्याने संस्थेचे कार्यशाळेचे स्वरूप अधिक ठळक झाले.

या काळाच्या आरंभी संस्थेने आपली सर्वांत महत्त्वाकांक्षी निर्मिती केली. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली व्यावसायिक रंगभूमीवर आले होते. विदर्भातील धरणगावच्या देशपांडे कुटुंबाची कथा एलकुंचवारांनी 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' या दोन नाटकांत पुढे नेली. आविष्कारने १९९४ मध्ये ही तिन्ही नाटके त्रिनाट्यधारा म्हणून चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केली. तिन्ही भाग एकाच दिवशी सलग पाहण्याची सोय होती. सकाळी बसलेला प्रेक्षक जेवणाच्या सुट्टीसह रात्रीपर्यंत एका कुटुंबाचा ऱ्हास पाहत असे. व्यावसायिक निर्मात्याने असा प्रयोग हाती घेतला नसता. तीन नाटकांचा पात्रसंच एकत्र ठेवणे हेच मोठे व्यवस्थापन होते.

माहीम काळातील दुसरे महत्त्वाचे नाव म्हणजे चेतन दातार. 'सावल्या' हे नाटक लिहिणारे दातार नाटककार, दिग्दर्शक आणि कार्यशाळांचे मार्गदर्शक म्हणून संस्थेशी जोडलेले होते. मराठीबरोबर हिंदीतही त्यांनी काम केले. आपला मुलगा समलिंगी असल्याचे कळलेल्या आईचे कथन असलेले त्यांचे '१, माधवबाग' हे नाटक भारतीय रंगभूमीवर हा विषय थेट मांडणाऱ्या सुरुवातीच्या नाटकांपैकी आहे. ऑगस्ट २००८ मध्ये दातार यांचे अकाली निधन झाले. आविष्कारच्या दृष्टीने ही हानी मोठी होती, कारण संस्थापकांनंतर संस्था पुढे नेऊ शकेल अशी व्यक्ती म्हणून त्यांच्याकडे पाहिले जात होते.

== उपनगरे आणि प्रायोगिक नाटक ==

छबिलदासचे यश समजून घेताना दादरचे भौगोलिक स्थान विसरता येत नाही. पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांवरील गाड्या दादरला थांबतात. अंधेरी-बोरिवलीचा प्रेक्षक आणि घाटकोपर-मुलुंडचा प्रेक्षक गाडी न बदलता एकाच ठिकाणी उतरू शकतो आणि शेवटच्या गाडीच्या आत घरी परतू शकतो. मराठी मध्यमवर्ग गिरगाव-परळमधून उपनगरांत सरकत असताना ही सोय निर्णायक होती. गिरगावातील साहित्य संघ मंदिर याच कारणाने हळूहळू दूर पडत गेले.

उपनगरांतही पुढे नाट्यगृहे झाली. विलेपार्ल्यातील दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, मुलुंडचे महाकवी कालिदास नाट्यमंदिर आणि बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर ही त्यांतील प्रमुख. ही सर्व मोठ्या आसनसंख्येची, व्यावसायिक नाटकाच्या गरजांनुसार बांधलेली आहेत. शंभर-दोनशे प्रेक्षकांसाठीची मराठी प्रायोगिक जागा हा त्यांचा मुख्य हेतू नव्हता. या दृष्टीने उपनगरांतील पहिली ठळक जागा मराठी संस्थेने नव्हे, कपूर कुटुंबाने उभारली. जुहू येथील पृथ्वी थिएटर ५ नोव्हेंबर १९७८ रोजी सुरू झाले. सुमारे दोनशे आसने आणि तीन बाजूंनी प्रेक्षक असलेला पुढे आलेला रंगमंच अशी त्याची रचना आहे. त्याचे उद्घाटन गो. पु. देशपांडे यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा' या मूळ मराठी नाटकाच्या हिंदी प्रयोगाने झाले. पृथ्वी हे बांधीव नाट्यगृह असल्याने टिकले. तेथे कालांतराने हिंदी आणि इंग्रजी नाटकाचे प्रमाण अधिक राहिले. अलीकडच्या काळात अंधेरीतील वर्सोवा भागात, विशेषतः आराम नगर परिसरात, बंगल्यांच्या खोल्यांमधून छोटी नाट्यस्थळे उभी राहिली आहेत. रिकामी खोली, हलवता येणाऱ्या खुर्च्या आणि मोजके दिवे ही त्यांची मांडणी छबिलदास पाहिलेल्यांना परिचित वाटावी अशी आहे. भाडे मात्र शाळेच्या सभागृहाचे नाही.

== स्मृती महोत्सव ==

अरविंद देशपांडे यांच्या स्मरणार्थ आविष्कारने 'अरविंद देशपांडे स्मृती नाट्यमहोत्सव' सुरू केला. तो त्यांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास, जानेवारी महिन्यात भरवला जातो. छबिलदासच्या पद्धतीप्रमाणेच महोत्सवातही संस्थेच्या निर्मितींबरोबर इतर संस्थांची नाटके घेतली जातात, आणि मुंबईबाहेरच्या गटांना आपले नाटक या शहरात दाखवण्याची संधी मिळते.